शिवणाच्या मॅडमची खाकी पिशवी

"सर, रक्त बघून चक्कर येते का तुम्हाला?"

मॅडमनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव, गाव, जात, लग्न झालंय का, हे सगळं बाकीच्यांनी विचारून झालं होतं. लातूर जिल्ह्यातल्या एका खासगी आयटीआयत मी टर्नर ट्रेडला तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो, तो माझा पहिला दिवस होता. मी म्हणालो, "माहीत नाही."

"लेथवर पोरांना उभं करणार आणि हे माहीत न्हाई?" त्या म्हणाल्या. "माहीत करून घ्या." आणि चहा अर्धा टाकून शिवणाच्या वर्गाकडं निघून गेल्या.

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. चण बुटकी, अंगानं भरलेल्या, पन्नाशी ओलांडलेली. सुती साडी, पायात खेळाच्या मास्तरांचे असतात तसले पांढरे बूट. आणि डाव्या कमरेला, साडीवरून बांधलेल्या पट्ट्यात एक खाकी पिशवी. दोन मुठी एकीवर एक ठेवल्या तर होईल एवढीच. तिच्या तोंडाशी लाल फितीचा एक तुकडा लोंबत होता. मला वाटलं, पैशाची असेल. शेजारी बसलेले भांडारपाल हसले. "पैशाची न्हाई हो. त्यात मरणाचं सामान हाय. आम्ही त्यांना पट्टा मॅडम म्हणतो. तोंडावर म्हणू नका फक्त."

तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांना काही वाटलं नसतं, हे मला पुढं कळलं.

आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर प्रथमोपचाराची एक पांढरी पेटी होती. वर लाल फुली, खाली कुलूप. किल्ली भांडारपालांच्या टेबलाच्या खणात, खणाची किल्ली भांडारपालांच्या खिशात आणि भांडारपाल दुपारी जेवायला घरी. मॅडम प्रत्येक बैठकीत, विषय कुठलाही असो, शेवटी हात वर करायच्या. "पेटीची किल्ली कुठं हाय?" प्राचार्य म्हणायचे, "बघू, बघू." प्राचार्य माणूस वाईट नव्हते. त्यांना फक्त कागदात न मावणाऱ्या गोष्टींची भीती वाटायची.

एका दुपारी मॅडम वर्कशॉपच्या दारात उभ्या राहिल्या आणि अशा ओरडल्या की चार लेथ एकदम बंद पडले. "हात कापला! पेटी आणा! हात कापला!" जो तो पळायला लागला. मी पेटीकडं गेलो, कुलूप ओढून पाहिलं. कुणी भांडारपालांना फोन लावला, कुणी त्यांच्या घराकडं मोटारसायकल पिटाळली. मॅडम घड्याळाकडं बघत दारातच उभ्या. भांडारपाल घास तोंडात तसाच ठेवून आले, खण उघडला, किल्ली काढली, पेटी उघडली. आत सुकलेली टिंक्चरची बाटली, पिवळा पडलेला कापूस, तारीख उलटून गेलेलं मलम, खरचटल्यावर लावायच्या चिकटपट्ट्यांचा एक पुडा आणि भांडारपालांचा हरवलेला अडकित्ता.

"अकरा मिनिटं," मॅडम म्हणाल्या. "सर, मेला तुमचा पोरगा."

दुसऱ्या दिवशी त्यांना नोटीस आली. संस्थेत घबराट पसरवल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या नोटिशीच्या पाठीवर लिहिलं, "मी खोटं ओरडले, हे कबूल. पेटी अकरा मिनिटं उघडली नाही, हे खरं. दोन्हींची चौकशी व्हावी." कुठलीच चौकशी झाली नाही. पण पेटीचं कुलूप निघालं, ते पुन्हा लागलं नाही. भांडारपाल महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मॅडमना त्याचाही फरक पडला नाही.

पेटी उघडी झाली तरी त्यांचं समाधान नव्हतं. त्यांचं म्हणणं, पेटी भिंतीला राहते आणि माणूस रस्त्यात पडतो. जे अंगावर असेल तेच कामाला येतं. आणि अंगावर तेवढंच राहतं जे जड होत नाही. त्यामुळं पिशवीत काय घ्यायचं यापेक्षा काय घ्यायचं नाही, यावर त्यांनी जेवढा विचार केला तेवढा आमच्यातल्या कुणी घर बांधताना केला नसेल.

हा विचार त्यांच्या कटिंगच्या टेबलावर चालायचा. सुटी झाली, मुली घरी गेल्या की त्या टेबल पुसून घ्यायच्या आणि मला हाक मारायच्या. मी एकटाच होतो, खोलीवर जाऊन करायचं तरी काय. एकदा त्यांनी घरपोच मागवलेली एक तयार पेटी आणली. वर लिहिलं होतं, चाळीस वस्तू. त्यांनी ती सगळी टेबलावर पालथी केली आणि दोन ढीग करायला लागल्या.

"हा ढीग खरचटल्याचा. हा मरणाचा." चिकटपट्ट्या, मलम, डोकेदुखीच्या गोळ्या, कापूस, छोटा चिमटा, भाजल्यावरची ट्यूब, सगळं पहिल्या ढिगात गेलं. "खरचटून कुणी मेलंय का सर? ह्याच्यासाठी घर हाय, मेडिकल हाय, उद्याचा दिवस हाय. रक्त उडायलं तर उद्या न्हाई. तेवढ्यासाठी काय हाय ह्याच्यात?" दुसऱ्या ढिगात जाळीच्या कापडाची एक पट्टी आणि एक कात्री उरली. कात्री त्यांनी उचलली आणि माझ्या जुन्या जीनच्या पँटीवर, जी त्यांनी आधीच मागून घेतली होती, खालून चालवली. कापड कापलं गेलं. मांडीच्या बाजूची जाड शिवण आली आणि कात्री मुरगळली.

"जीनची शिवण कापत न्हाई ती कात्री कशाला? जखम काय पँट काढून दाखवायलीय?"

शिवणाच्या बाईला कात्री शिकवायला जाऊ नये. नीट कात्री मिळायला त्यांना दोन महिने लागले. टोक बोथट, म्हणजे घाईत कातडीत घुसणार नाही, आणि धार अशी की शिवणीसकट कमरेचा पट्टासुद्धा कापेल.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो आवळपट्ट्यासाठी. हे नाव त्यांचंच. हातापायाला मोठी जखम होऊन रक्त चिळकांड्या मारायला लागलं तर जखमेच्या वर बांधायचा रुंद पट्टा. त्याला एक दांडी असते, ती पिळत गेलं की पट्टा आवळतो आणि रक्त थांबतं. पहिला जो आला तो त्यांनी गोधडीच्या गुंडाळीला बांधला आणि पिळला. तिसऱ्या पिळाला दांडी काडकन मोडली. मॅडम तुकड्याकडं बघत बसल्या. मी म्हणालो, "स्वस्तातला असेल." त्या म्हणाल्या, "हा कुणाच्या तरी मांडीवर मोडला असता सर. कुठंतरी मोडलाबी असंल." दुकानदाराला त्यांनी तो मोडका पट्टा चिठ्ठीसकट परत पाठवला. चिठ्ठीत काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण लिहिताना त्यांचे कान लाल झाले होते. दुसऱ्या पट्ट्याची चिकटणारी पट्टी सुटायची. तिसरा टिकला. तो त्यांनी गोधडीला शंभरदा बांधला, मग सरावाला वेगळा ठेवला आणि पिशवीसाठी त्याच जातीचा नवा मागवला.

शेवटी सहा वस्तू उरल्या. आवळपट्टा, जाळीच्या पट्टीची दाबून बसवलेली गुंडाळी, ताणून बांधायचं क्रेप बँडेज, हातमोजे, कात्री आणि काळा मार्कर. मी म्हणालो, मार्कर कशाला? तर म्हणाल्या, पट्टा किती वाजता बांधला ते डॉक्टरला कळलं पाहिजे, आणि कागद हरवतो, कपाळ हरवत नाही.

पिशवी त्यांनी स्वतः शिवली. सात वेळा. पहिलीला चेन होती. त्यांनी दोन्ही हात साबणाच्या पाण्यात बुडवले आणि ओल्या हातानं चेन उघडायला लागल्या. बोटं घसरली. "रक्त असंच असतंय, सर. बुळबुळीत." चेन गेली, चिकटणारी पट्टी आली. मग लाल फीत आली, ओढली की पिशवी पुस्तकासारखी उघडायची आणि सहाही वस्तू समोर. उघडताना मोठा चर्र आवाज व्हायचा. बैठकीत प्राचार्य लांबण लावायला लागले की मॅडम सरावाच्या नावाखाली पिशवी उघडायच्या. चर्र. पुन्हा बंद. पुन्हा चर्र. प्राचार्य विषय संपवायचे.

हे सगळं त्या पुस्तकं वाचून करत नव्हत्या. लातुरात एका सर्जननं सामान्य लोकांसाठी दोन दिवसांचं शिबिर घेतलं होतं. मॅडम पहिल्या रांगेत बसल्या. पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या. तिसऱ्या वर्षी गेल्या तेव्हा डॉक्टर हात जोडून म्हणाले, "मॅडम, आता तुम्ही शिकवा, मी बसतो."

भांडारपालांच्या मुलीचं लग्न चाकूरला होतं. तोवर अबोला संपला होता. मॅडम ठेवणीतली जांभळी साडी नेसून आल्या, केसांत गजरा, पायात तेच बूट आणि कमरेला तीच पिशवी. मांडवात दोन बायका आधी आपसात कुजबुजल्या. मग भांडारपालांची मेहुणी पुढं आली.

"बाई, राग मानू नका. शुभकार्य हाय. ते तेवढं काढून ठेवा की. रक्ताच्या पट्ट्या कशाला मांडवात?"

मॅडमनी बाहेर बोट दाखवलं. वऱ्हाडाच्या तीन जीपा उभ्या होत्या. टपावर माणसं, मागं लोंबकळणारी माणसं, एक ड्रायव्हर झिंगून सावलीत आडवा झालेला. "त्या टपावरची माणसं खाली उतरवा, मी हे उतरवते."

मेहुणीचं तोंड उतरलं. कुणीही खाली उतरलं नाही आणि मॅडमनीही पिशवी उतरवली नाही. पंगतीत त्यांच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहिली. मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्या जिलेबी खात होत्या. "बरं झालं," म्हणाल्या, "मांडी घालायला ऐसपैस जागा झाली."

पण एकदा मीच त्यांना टोचून बोललो. कामाचा ताण होता, आमचे तास कमी करणार अशी हवा होती, आणि मॅडम कटिंगच्या टेबलावरून विचारत होत्या, सर, तुम्ही नांदेडला मोटारसायकलवर जायलाव, तुमच्याजवळ काय हाय? मी वैतागून म्हणालो, "मॅडम, तुम्ही काही डॉक्टर नाही. शिवणाच्या बाई आहात. हे खूळ कुठून घेतलं डोक्यात?"

त्या मांजरपाट कापत होत्या. हात थांबला नाही. कापड संपेपर्यंत कापलं, कात्री ठेवली आणि मग बोलल्या.

"मुरुडच्या बाजारात गेले होते. लई वर्षं झाली. पोरींच्या सरावाला कापड आणायला. दुकानासमोर टेम्पोतनं पत्रे उतरवायलते. एक पत्रा घसरला. खाली एक बाई भाजी घेऊन बसली होती, माझ्याच वयाची. तिच्या दंडाला लागला. ती ओरडलीबी न्हाई. नुसती दंडाकडं बघायली. लोक जमले. कुणी पाणी पाजतंय, कुणी हळद आणा म्हणतंय. मी अगदी पुढं होते सर. माझ्या पिशवीत पाच मीटर मांजरपाट होतं. नवी धार लावलेली कात्री होती. हात दोन होते."

त्यांनी टेबलावरचं मांजरपाट हातानं सारखं केलं.

"आणि माझ्या मनात आलं, ह्याला रक्त लागलं तर हे कापड वाया जाईल. खोटं कामून बोलू? आलं मनात. मी पिशवी छातीशी धरली आणि उभी राहिले. ती बाई माझ्याकडंच बघत बघत गेली. नुसतं दाबून धरलं असतं, तरी दवाखान्यापर्यंत जिवंत पोचली असती. हे मला नंतर कळलं, शिबिरात. त्या कापडाचे मी पोरींकडून झबले शिवून घेतले."

त्यांनी पुन्हा कात्री उचलली. "म्हणून विचारते. तुमच्याजवळ काय हाय?"

त्या हिवाळ्यात परीक्षेच्या कामासाठी आम्हा दोघांना नांदेडला पाठवलं. काम लवकर आटोपलं आणि दुपारच्या एसटीनं आम्ही लातूरकडं परत निघालो. लोहा मागं पडलं. उसाचा हंगाम होता, दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चालले होते. माझा डोळा लागला होता. बस थांबली, म्हणून जागा झालो.

पुढं एक ट्रॉली कलंडली होती. ऊस रस्ताभर पसरलेला. एक मोटारसायकल चाकाखाली आणि तिच्यावरच्या माणसाला लोकांनी ओढून कडेला घेतलेला. पंधरावीस माणसं गोल करून उभी. तिघं चौघं मोबाइल वर धरून. मी खिडकीतनं हे बघतोय तोवर मॅडम दारात पोचल्या होत्या.

कंडक्टर म्हणाला, "मॅडम, ही पोलीस केस हाय. बस पुढं काढायची हाय. बसा खाली."

त्यांनी ऐकलंही नाही. मी पायरीवर उभा होतो. खरं सांगतो, पाय उचलत नव्हता. त्यांनी मागं वळून पाहिलं. एरवी त्या मला अहो-जाहो करायच्या.

"लेकरा, उतर खाली."

मी उतरलो. मागं बस निघून गेली. आमच्या सामानाच्या पिशव्या तिच्यातच राहिल्या.

माणूस पस्तिशीचा असेल. गुडघ्याखाली पाय पाय राहिला नव्हता. आतून रक्त उसळत होतं आणि खालच्या उसाच्या पाल्यावर पसरत होतं. एक म्हातारा त्याच्या तोंडाला तांब्या लावत होता. "पाणी नका पाजू, बाबा, सरका," मॅडम म्हणाल्या आणि चर्र आवाज झाला. हातमोजे. कात्री. पँट खालून वर मांडीपर्यंत सरळ कापत गेली, शिवणीला अडली नाही. पट्टा मांडीला. दांडी पिळायला लागल्या तसा तो माणूस असा ओरडला की मोबाइल धरलेले दोघं मागं सरले. तो मॅडमना ढकलायला लागला. "ह्याचे खांदे धर," त्या मला म्हणाल्या. मी धरले. मला चक्कर आली नाही. ते मला त्या दिवशी कळलं.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, पाय तोडायलाव का त्याचा? सोडा त्याला! डॉक्टर येऊ द्या!"

"तुम्ही या हितं," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "या, तुम्ही दाबा. न्हाई येत? मग तिथंच राहा आणि अॅम्ब्युलन्सला फोन लावा. मोबाइल हातातच हाय तुमच्या."

आणखी एक पीळ. आणखी एक. रक्त थांबलं. नळ बंद करावा तसं थांबलं. मी आजवर इतकी साधी आणि इतकी मोठी गोष्ट पाहिलेली नाही. त्यांनी दांडी अडकवली, उरलेल्या जखमेवर जाळीची पट्टी ठासून भरली, वरून बँडेज ताणून बांधलं. "किती वाजले?" मी सांगितलं. "लिही कपाळावर." मी मार्करनं लिहिलं, तीन वीस. मग त्यांनी अंगावरची शाल काढून त्याच्यावर घातली आणि त्याचा हात हातात धरून बसल्या. नाव काय, गाव कोणतं, काम काय करतो, एकसारखं विचारत राहिल्या. गवंडीकाम करायचा. शेजारच्याच गावातला.

अॅम्ब्युलन्समधून आम्हीही गेलो. मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरनं पट्टा पाहिला, कपाळ वाचलं आणि विचारलं, "हे कुणी बांधलं?" मॅडमनी हात वर केला. तो म्हणाला, "पाय वाचायचा नाही, हाड आणि नस चिरडलीय. पण हे नसतं तर हा माणूस माझ्यापर्यंत आला नसता." आणि तो आत पळाला.

बाहेरच्या नळावर मॅडम हात धुवायला गेल्या. मी पाण्याची बाटली पुढं केली तर त्यांना झाकण फिरवता येईना. "मला जमंना," त्या म्हणाल्या, "तुम्हीच उघडा, सर." आणि पुन्हा अहो-जाहो सुरू झालं.

ही गोष्ट इथं संपली असती तर सगळ्यांना आवडली असती. आठ-दहा दिवस त्यांचं कौतुकही झालं. मेहुणीनं भांडारपालांच्या हाती डबा पाठवला. मग एका सकाळी एक माणूस प्राचार्यांच्या खोलीत आला आणि त्याचा आवाज वर्कशॉपपर्यंत ऐकू आला. तो त्या गवंड्याचा भाऊ होता. पाय मांडीपासून कापावा लागला होता आणि गावात कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की बाईनं पट्टा आवळला म्हणून पाय सडला.

"तुमच्या बाईनं माझ्या भावाचा पाय खाल्ला," तो म्हणत होता. "शिवण शिकवायची तर शिवण शिकवा की. कुणी सांगितलं डॉक्टरकी करायला?"

प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं, साक्षीला मला. मी डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं. भावाला ते ऐकायचं नव्हतं. प्राचार्यांनी एक कागद पुढं सरकवला. मजकूर त्यांनी आधीच तयार ठेवला होता. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, यापुढे असे उपचार करणार नाही आणि संस्थेत सदर साहित्य अंगावर बाळगणार नाही. "मॅडम, फक्त सही. विषय मिटेल. संस्थेचं नाव येतं हो."

मॅडमनी कागद वाचला. पिशवीतला मार्कर काढला, तोच मार्कर, आणि मजकुरावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, "पुन्हा असा माणूस दिसला तर पुन्हा बांधीन." सही केली. तारीख टाकली.

"मॅडम, ह्याचा परिणाम होईल," प्राचार्य म्हणाले.

"होऊ द्या. माझी तीन वर्षं राहिलीत नोकरीची. त्या माणसाची किती राहिलीत ते बघा." मग त्या भावाकडं वळल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "दादा, तुमचं गाव कोणतं ते मला माहीत हाय. ऐतवारी मी येते. तुमच्या भावाला जे बोलायचंय ते मला बोलू द्या."

"येऊ नका," भाऊ म्हणाला.

"मी येते," मॅडम म्हणाल्या.

परिणाम झाला. त्यांची वेतनवाढ अडली, त्यांना वर्गाऐवजी भांडारात बसवलं. त्यांनी त्याविरुद्ध अर्ज केले, एकामागून एक, आणि प्रत्येक अर्ज द्यायला पिशवी बांधून गेल्या. वर्षभरानं शिवणाच्या मुलींनीच वर्गावर बहिष्कार टाकला तेव्हा त्यांना परत आणावं लागलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी कागदावरची ती ओळ मागं घेतली नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी आम्ही त्या गावाला गेलो.

घर दोन खोल्यांचं, त्यानंच बांधलेलं. भिंती सरळसोट, गिलावा असा की हात फिरवावासा वाटावा. तो ओसरीत बाजेवर बसला होता, मांडीवर चादर. बायकोनं पाणी आणून ठेवलं आणि दाराआड जाऊन उभी राहिली. भाऊ अंगणात, हाताची घडी घालून.

गवंड्यानं मॅडमना ओळखलं. चादर मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाला, "कामून बांधलं तुम्ही?"

मॅडम उभ्याच होत्या. कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"मी परांचीवर चढणारा माणूस हाय, बाई. आता मला हगायला न्यायला दोघं लागतेत. दोन पायांचा मेलो असतो तर बरं झालं असतं. तुम्हाला काय, पट्टा बांधला आणि निघून गेलात. मला कुणी इच्यारलं का?"

मला वाटलं आता त्या डॉक्टरचं बोलणं सांगतील. पाय आधीच गेला होता, त्यात त्यांची काही चूक नव्हती, हे सांगायला त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांनी ते सांगितलं नाही.

"न्हाई इच्यारलं," त्या म्हणाल्या. "इच्यारायला टाइम नव्हता. तुम्ही मला शिव्या द्या. आज द्या, रोज द्या, फोन करून द्या. तुमचा राग खरा हाय. पण मी माफी मागणार न्हाई. माणूस माझ्यासमोर रक्त सांडून मरायलाय आणि मी हाताची घडी घालून उभी हाय, हे मी एकदा केलंय. तुम्ही पुन्हा तसेच पडलात ना, तर मी पुन्हा बांधीन. तुम्ही न्हाई म्हणालात तरी बांधीन."

अंगणात भावानं हाताची घडी सोडली. गवंडी मॅडमकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं की कशाचं, हे मी आजही सांगू शकत नाही. "जा तुम्ही," तो म्हणाला. आम्ही निघालो.

फाट्यापर्यंत चालत जायचं होतं. अर्ध्या वाटेवर मागून चपलांचा आवाज आला. त्याची बायको. धापा टाकत होती. बोटं पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"मॅडम, त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका," ती म्हणाली. "बोलतेत ते. मलाबी बोलतेत. दवाखान्यातनं आल्यावर भिंतीकडं तोंड करून पडले होते, जेवत नव्हते. पण परवापासून सकाळी आरसा मागायलेत. दाढी करायलेत स्वतःच्या हातानं." मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण रडलीही नाही. फाटा आला तरी परत फिरेना. रस्त्यानं उसाचा एक ट्रॅक्टर दणदणत गेला, आम्ही तिघं कडेला सरलो. तो लांब जाईपर्यंत ती त्याच्याकडं बघत होती.

"ते बांधायचं कसं असतंय?" तिनं विचारलं. "मला येईल का?"

मॅडम फाट्यावरच्या दगडावर बसल्या, पिशवीतला नवा आवळपट्टा तिच्या हातात दिला आणि आपली साडी गुडघ्याच्या वर घेतली. "बांध," म्हणाल्या. "माझ्या मांडीला बांध. मी ओरडले तरी सोडू नको."

तिचा पहिला पीळ सैल गेला. दुसरा पण. तिसऱ्या वेळी तिनं दात आवळले, मॅडमच्या कपाळावर आठी चढली आणि त्या म्हणाल्या, "आणखी." तेवढ्यात लातूरची बस आली. ड्रायव्हरनं वेग कमी केला, कंडक्टरनं दार उघडून हाक मारली. दोघींपैकी एकीनंही मान वर केली नाही. मी हात हलवून बसला पुढं जायला सांगितलं.